उंबऱ्याबाहेरचं नाव

शहागंजातल्या दुकानांमागं, पत्र्याच्या दोन खोल्यांत त्या राहतात. गल्ली त्यांना बेगमसाब म्हणते. घराणं एके काळच्या जहागीरदारांचं. मोगऱ्याच्या दोन कुंड्यांना त्या बाग म्हणतात, स्वतःला 'हम' म्हणतात. दुपारी हातपंखा हलवत इतकं मंद बोलतात, की ऐकणाऱ्यालाही त्या बागेतला गारवा जाणवू लागतो.

गल्लीत पाणी आठवड्यानं येतं. नवी पाइपलाइन त्यांच्या अंगणातूनच नेता येणार होती आणि त्यासाठी त्यांची सही हवी होती. मी संघटनेची कार्यकर्ती, गल्लीच्या वतीनं अर्ज घेऊन तिसऱ्यांदा गेले.

"आँगन ले लो, बेटी. नाम मत माँगो. हमारे यहाँ औरत का नाम दहलीज नहीं लाँघता. पानी को नाम से क्या लेना?"

"पाण्याला नाही, ऑफिसला लागतं, बेगमसाब. बाया हंडे घेऊन टँकरमागं पळतात."

पंखा थांबला. अर्ज जवळ ओढून त्यांनी उर्दूत सही केली. मला ती वाचता येईना. खाली मराठीत नाव लिहायचं होतं, म्हणून विचारलं. त्या उठल्या, दार लोटलं आणि माझ्या कानाशी येऊन त्यांनी ते सांगितलं.

जहागीरदारांविरुद्धची संघटनेची पत्रकं मी नेहमी ठळक अक्षरांत काढते. हे नाव मात्र जमेल तितक्या बारीक अक्षरांत लिहिलं.