भुलाबाईचा डबा

मितालीबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नाही. ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, मूळची कोलकात्याची, स्वभावाने गोड, आणि मला तिचा भयंकर राग येतो.

झालं असं, की माझ्या मुलीच्या, ओवीच्या चौथीच्या वर्गात दर शनिवारी एका आईने येऊन आपल्याकडची कला मुलांना शिकवायची, असं ठरलं. मितालीने तांदूळ वाटून नेले आणि नुसत्या बोटांनी वर्गाच्या फरशीवर अल्पना, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, काढली. ओवी घरी आली ती मितालीकाकूचा जप करतच! मी रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढते (वाकून! कंबर धरून!), तिच्याकडे बघून ओवी म्हणते कशी, "आई, तुझी रांगोळी गणितासारखी दिसते गं."

माझ्या सासूबाई काटोलच्या. त्यांच्यापासून काही लपत नाही.

"काहून एवढी जळून राहिली वं? तुले बी बोलावलं ना शाळेनं? भुलाबाई कर!"

भुलाबाई! आमच्याकडे मुली फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. कुणालाच ओळखता आली नाही, की जिची खिरापत तिचा थाट. मला तो थाट हवा होता, तोही मितालीदेखत! संत्रा बर्फी तर इथलं शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून कोथिंबिरीचं (आमच्याकडे तिलाच सांबार म्हणतात) सारण भरून सांबारवड्या तळल्या. वास सुटू नये म्हणून कढईतून थेट स्टीलच्या डब्यात, खडखडू नयेत म्हणून मध्ये रुमाल, आणि वरून झाकण गच्च लावलं. (त्याच्यावर बसून!)

"अवं, वाफ तं जाऊ दे!" सासूबाई ओरडल्या.

"वास जाईल ना!" मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

वर्गात गाणी झकास झाली. पंजाबी, तेलुगू, सिंधी, सगळी पोरं फेरात! मिताली कौतुकाने मागच्या बाकावर येऊन बसलेली. मग मी डबा हलवला.

"ढोकळा!"

"इडली!"

"आंटी, मोमो है क्या?"

"नाही!" प्रत्येक वेळी मी मितालीकडे बघून म्हणत होते.

"शोंदेश?" तिने विचारलं.

"नाही!!" (हे जरा जास्तच मोठ्याने गेलं.)

"हरलो!" पोरं ओरडली. ओवी माझ्याकडे अशी बघत होती, की मला भरून आलं. मी ऐटीत झाकणाला हात घातला. झाकण हललंच नाही.

मॅडमनी ओढून पाहिलं. हरियाणाचे पीटीचे सर आले, त्यांनी डबा गुडघ्यात धरला. कॅन्टीनचे अण्णा लाटणं घेऊन आले. शेवटी पोरांनी एकमेकांच्या कमरा धरून रांगच केली आणि डबा ओढायला लागली!

"बघा, सगळे प्रांत कसे एकत्र आले!" म्हणत मॅडम फोटो काढत होत्या.

तेवढ्यात मिताली पुढे आली. "भाभी, मैं देखूं क्या?"

"नको!" मी डबा पोटाशी धरला.

"आई, दे ना गं," ओवी कळवळून म्हणाली. तिच्याकडे बघून दिला.

मितालीने कुणाच्या तरी टिफिनमधला चमचा घेतला, त्याचं टोक झाकणाच्या कडेखाली सरकवलं. फुस्स! झाकण तिच्या हातात. टाळ्यांचा कडकडाट! वड्यांचा वाफेने लगदा झाला होता, पण पोरांनी बोटं चाटून संपवला.

"गरम में ढक्कन नहीं लगाने का, भाभी," ती माझ्या कानात म्हणाली. फक्त माझ्या! इतकं चांगलं वागते ही बाई, की भांडायला जागाच ठेवत नाही.

संध्याकाळी ओवी उड्या मारत आली. "आई, सगळे म्हणतात तुझाच शनिवार बेस्ट! पुढच्या वर्षीही तुलाच बोलवायचंय."

"मले वाटलंच होतं!" सासूबाई म्हणाल्या. मी हळूच आरशात बघून घेतलं.

"पण मितालीकाकूसोबत हं," ओवी म्हणाली. "नाहीतर डबा कोण उघडेल?"

मी मोठ्या मनाने हो म्हटलं. अट एकच घातली: डबा तिने आणायचा, चमचा माझ्याकडे राहील!