पाच आठवड्यांची शून्य पावलं

मला राग लवकर येतो, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझा आवाज चढला की शेजारच्या कोंबड्यासुद्धा अंगण बदलतात, असं बायको म्हणते. त्या रागाचं मला कधी काही वाटलं नाही. येतो, ओरडतो, जेवायच्या आधी उतरतो. पण गेल्या वर्षी कंपनीच्या दवाखान्यात जो आला तो उतरला नाही, आणि आज लिहितानाही पुरता उतरलेला नाही.

चोवीस वर्षं मी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. पावसाळ्याच्या तोंडाला छातीत कळ आली, चिपळूणला नेलं, तिथून पुढे नेलं, आणि एक स्टेंट बसवून घरी आणलं. दोन महिने पडून काढले. मग कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावून अट सांगितली. आठ आठवडे रोज चाळीस मिनिटं चालायचं, मनगटावर ते चालणं मोजणारं घड्याळ बांधून, आणि मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये रोजची नोंद दिसली पाहिजे. दिसली तर परत प्लँटवर, नाही तर कायमचं गेटवर. तोंडी सांगितलेलं आता चालत नाही म्हणाले. गेट म्हणजे खुर्ची, वही आणि आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकचे नंबर. गेटवर बसणाऱ्याला कोणी वाईट बोलत नाही, पण त्याच्याशी प्लँटचं काही बोलतही नाही. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून पंप कुठे अडलाय हे कळतं, त्याने ट्रकचे नंबर लिहायचे, या कल्पनेनेच माझी झोप गेली.

मुलगा मुंबईला नोकरीला. गणपतीला आला तो घड्याळ घेऊनच. पडवीत बसून त्याने माझा फोन हातात घेतला, तडा गेलेली काच बघितली, आत जागा नाही म्हणाला आणि घड्याळ स्वतःच्या फोनला जोडून टाकलं. म्हणजे मला तिकडून रोज दिसेल तुम्ही किती चाललात ते, असं म्हणाला. आम्हाला दोघांनाही हे इतकं बरोबर वाटलं की कोणी दुसरा विचारही केला नाही. करणार कसा? आमच्या घरातलं सगळंच मुंबईच्या नंबरला बांधलेलं आहे. गॅसचा नंबर मी लावतो, मेसेज मुंबईला जातो. बँकेचा ओटीपी मुंबईला जातो, तो तिथून सांगतो, मी इथे लिहितो. मीटर आमच्या भिंतीवर आणि बिल आल्याचं आधी त्याला कळतं. वाडीतल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा. मग बापाची पावलंही तशीच जाणार, एवढं साधं गणित.

आणि ती गेलीही. तो होता तेवढे दिवस मी चालून आलो की तो फोन पुढे करायचा, आणि त्यात हिरवी पट्टी चढलेली असायची. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि तो गेला.

मी चालत राहिलो. उजाडलं की पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायच्या, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा, फाट्यापर्यंत जायचं आणि सड्याच्या माळावरून वळसा घालून घरी. फाट्यावर कंपनीची पहिल्या पाळीची बस उभी असायची. आत माझीच माणसं. त्यांच्यासमोर अर्ध्या चड्डीत, हात हलवत चालत जायची मला लाज वाटायची, म्हणून बस निघेपर्यंत मी बागेच्या दगडी गडग्याच्या अलीकडेच रेंगाळायचो. पण रेंगाळताना जागच्या जागी पाय हलवत राहायचो. थांबलो तर मुंबईत दिसेल ना! भर उन्हात, पावसाच्या सरीत, एकदा तर तापातही गेलो. चालताना मनगटाकडे बघून मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचो. बघ, आज किती लवकर निघालो. बघ, आज चढावर दम लागला नाही.

पाच आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी मधली तपासणी ठेवली होती. मी ऐटीत गेलो. दवाखान्यातल्या सिस्टर बाईंनी अ‍ॅप दाखवायला सांगितलं. ते मुलाच्या फोनवर आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग त्याला फोटो पाठवायला सांगा. मी फोन केला. तो नुसतं बरं म्हणाला. फोटो यायला बराच वेळ लागला. आला तो सिस्टरनी बघितला, डॉक्टरांकडे दिला, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे.

गणपतीच्या दिवसांच्या हिरव्या पट्ट्या होत्या. त्यापुढे शून्य. पुढे शून्य. बोटाने सरकवत गेलो तरी शून्यच.

आमचे डॉक्टर भले आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. अशा माणसांचा मला जास्त राग येतो. ते म्हणाले, असू दे, होतं असं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, तोपर्यंत गेटवर बसा. मी म्हटलं, मी रोज चाललोय. ते म्हणाले, हो, पण इथे दिसत नाही ना. त्या ‘असू दे’ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारात येऊन उभी राहिली, एवढं सांगतो.

गोष्ट उलगडली ती सिस्टर बाईंनी. त्यांनी माझा हात धरला, नाडीसाठी असेल असं मला वाटलं, पण त्यांनी घड्याळाची काच दाबली. आजची पावलं तिथे होती. मग त्यांनी तो फोटो मोठा करून बघितला. खाली बारीक करड्या अक्षरात लिहिलं होतं, शेवटची जोडणी इतक्या दिवसांपूर्वी. हे घड्याळ फोन जवळ असला तरच पावलं फोनमध्ये उतरवतं, त्या म्हणाल्या, आणि तुमचं जोडलेला फोन तर मुंबईला. पाच आठवड्यांचं सगळं आत आहे का, असं मी विचारलं. तर नाही. घड्याळात सात दिवसांचंच राहतं. आठव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. म्हणजे मी फाट्याला वळसे घालत होतो आणि मागून माझी पावलं झाडून टाकली जात होती.

डॉक्टर नरमले. सात दिवस तरी दाखवा, तो पहिला आठवडा धरतो, म्हणाले. ही मेहेरबानी. चार आठवडे मात्र गेले ते गेले, कारण डॉक्टरांनी मानलं तरी कागदाला पुरावा हवा.

मी बाहेर येऊन बसच्या शेडखाली उभा राहिलो आणि मुलाला फोन लावला. खरं सांगायचं तर तोवर मला त्याचा राग नव्हता. तंत्रातली चूक दोघांची होती. पण रिंग जात असताना एकदम लक्षात आलं की हे शून्य मी आज बघितलं, त्याने ते रोज बघितलंय. रोज सकाळी फोन उघडून, पाच आठवडे. आणि मग मला बोलणं आवरेना.

“पाच आठवडे तुझा बाप शून्य पावलं चालत होता,” मी म्हटलं. “शून्य म्हणजे संडासालाही उठला नाही. आहे का गेला, हे तरी फोन करून बघावंसं वाटलं नाही तुला?”

तो म्हणाला, “मी होतो तोवर पावलं दिसत होती. मी निघालो आणि बंद झाली. मला वाटलं, तुम्ही घड्याळ काढून ठेवलंत. तंबाखूसारखं.”

मी फोन बंद केला.

तंबाखूचं सांगायला हवं. मी ती पंचवीस वर्षं खाल्ली. मुलगा कळता झाल्यापासून मागे लागला होता, तेव्हा त्याला सोडली म्हणून सांगितलं. तो गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, तेवढे दिवस मी पुडीला हात लावत नसे. तो गाडीत बसला की मला घरी येईपर्यंतही धीर निघायचा नाही. बायकोला सगळं ठाऊक. तो फोनवर तिला विचारायचा आणि ती सोडल्येन म्हणून सांगायची. हे खोटं आम्ही दोघांनी मिळून किती वर्षं चालवलं ते आठवत नाही. स्टेंट बसवायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझी बायको रडत रडत म्हणाली, रोज खातात. मुलगा शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, फॉर्मवर सही केली. त्यानंतर मी खरंच सोडली. पण खरंच हा शब्द मी त्याआधी इतक्या वेळा वापरून ठेवला होता की त्याला आता काही किंमत उरली नव्हती.

घरी आल्यावर कळलं, तो या पाच आठवड्यांत बायकोला दर दोन दिवसांनी विचारत होता. आमच्याकडे बापाची विचारपूस आईकडे होते, ही रीतच आहे. बाबा चालतात का? ती सांगायची, जातात की रोज. खरं सांगत होती बिचारी. पण त्याने तिचा हाच सूर आधी ऐकला होता, सोडल्येन म्हणतानाचा. मला विचारायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही. मी तरी कुठे केला फोन? तो बघतोय या भरवशावर मी गप्प, आणि बाप फसवतोय या समजुतीवर तो गप्प. चूक अर्धी माझी, हे कळत होतं. कळल्याने राग कमी होतो असं म्हणणाऱ्याला बहुतेक कधी राग आलेला नसावा. उलट तो वाढला. कारण आता एकट्या मुलावर ओरडून भागत नव्हतं.

बायकोने तोडगा काढला. वाडीतला एक जण शनिवारी मुंबईला निघाला होता.

“त्याच्याजवळ द्या घड्याळ, तांदळाच्या पिशवीत घालून,” ती म्हणाली. “पोरगा तिकडं फोनात भरून घेल नि पाठवून देल.”

आमच्याकडून मुंबईला काय जात नाही? तांदूळ, कोकम, सुकी मासळी, फणसाच्या साटा, औषधाच्या चिठ्ठ्या. पावलंही गेली असती. मी तिच्यावर खेकसलो, की घड्याळ मुंबईला गेलं तर इथे पावलं कोण मोजणार, तुझा तांदूळ? पण दुसरा उपाय नव्हता. मी घड्याळ अजून मनगटावरून काढलं नव्हतं, पिशवी मात्र बांधून दारात ठेवली होती.

शनिवारी चालून आलो तर मुलगा पडवीत बसलेला. रात्रीच्या गाडीने चिपळूणला उतरून तसाच आला होता. मी पाय धुतले आणि आत गेलो. चहा घेतलास का, हेसुद्धा विचारलं नाही. तो आत आला आणि त्याने फोन माझ्या मनगटाजवळ धरला. दोन मिनिटं आम्ही दोघे एकमेकांना टाळत त्या फोनकडे बघत राहिलो. मग पट्ट्या चढू लागल्या. एक दिवस, दुसरा, तिसरा, सातही.

तो बराच वेळ बघत होता. बोटाने प्रत्येक दिवस उघडत होता.

“दोनदा?” त्याने विचारलं. “डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं ना?”

सकाळचं चालणं डॉक्टरांसाठी होतं. संध्याकाळी मी परत निघायचो, सड्यापर्यंत जाऊन यायचो, आणि ते कोणी सांगितलेलं नव्हतं. ऑफिस सुटल्यावर तो फोन उघडत असेल, तर त्याला काहीतरी नवीन दिसावं, एवढ्यासाठी. हे त्याला सांगायचं मी ठरवलं नव्हतं. रागात तोंडातून गेलं.

“तू बघतोयस म्हणून,” मी म्हटलं.

त्याची मान खाली गेली. डोळे पुसले की काय ते मी बघितलं नाही, कारण मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बायको चुलीशी उगाच भांडी हलवत राहिली.

मग त्याने माझ्या फोनमधले जुने फोटो, न ऐकलेल्या आरत्या, सुप्रभातचे संदेश असं सगळं काढून जागा केली, आणि घड्याळ स्वतःच्या फोनवरून सोडवून माझ्या फोनला जोडलं. सात दिवसांच्या पट्ट्यांचा फोटो आधी माझ्याकडे पाठवला, डॉक्टरांना दाखवायला. ही जोडाजोड होताना त्याच्या फोनवरचं माझं पान कोरं झालं, ते त्याने मला दाखवलं.

“आता मला काही दिसणार नाही,” तो म्हणाला.

“मग विचारायचं,” मी म्हटलं. “मला. आईला नाही.”

सोमवारी मी गेटवर बसलो. सात आठवडे बसायचं होतं. पहिला ट्रक आत येत होता तेव्हा फोन वाजला. मी ट्रक थांबवून ठेवला आणि फोन घेतला.