यानाला लावलेलं कुंकू
उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या चँडलरमधली २००४ सालची ती दुपार आठवते. मी तिथे सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होते. माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर शेजारच्या काकूंनी कुंकवाचं बोट टेकवलं, तसे त्यांचे रिटायर्ड इंजिनिअर यजमान म्हणाले, "तरुणपणी आम्ही इथे बनवलेलं यान मंगळावर गेलं ना, त्यालाही मी गुपचूप लावलं होतं." माझ्या हातातला नारळच निसटला. "काका! इथला एक जंतूही तिकडे जाऊ नये म्हणून यान भट्टीत भाजतात!" "अहो, मला कधी बोलला नाहीत!" काकू पांढऱ्याफटक पडल्या. काकांनी शांतपणे नारळ उचलला. "भाजण्याआधीच लावलं गं. जंतू मेले असतील. कुंकू कुठे जातंय?" आता काका नाहीत. त्या यानाने पाठवलेले फोटो बघताना मी मात्र अजून त्याच्या पत्र्यावर बोटाएवढा लाल ठिपका शोधते.