तळ्याकाठचा धप्पा

आमचा थोरला चिकलठाण्याच्या कंपनीतून जर्मनीला गेला आणि पुढं मलाही थोडे दिवस घेऊन गेला. निघतानाच त्यानं बजावलं होतं, "आई, तिथं लोकांच्या लेकरांना उगं हात लावायचा नाय." म्हटलं, लेकरांना काय करंट असतो का रे?

दिवसभर घरात एकटीचा जीव उबून जायचा, म्हणून समोरच्या बागेत बसायची. तिथं पाचेक वर्षांची एक भुऱ्या केसांची पोरगी यायची. तिची भाषा मला कळंना, माझी तिला. पण लपाछपीला भाषा कशाला लागते? मी डोळे झाकायची, ती झाडाआड लपायची, मग मागून येऊन पाठीत हाणायची अन् मी शिकवलेला धप्पा ओरडायची, "दप्पा!" तिची आई पलीकडं पुस्तक वाचत बसायची, माझ्याकडं बघून हसायची.

एक दिवस पोरगी पळत आली, तोंडावर बोट ठेवलं अन् माझ्या शालीखाली घुसली. मागून आई हाका मारत आली. मला वाटलं, आज आईवर राज्य दिसतंय. तिनं हातानं पोरीची उंची दाखवून मला विचारलं. लपलेल्याचा पत्ता सांगणारा फितूर, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मी खुशाल मान हलवली. नाय बाई!

ती झाडांमागं बघत गेली. हाका मोठ्या झाल्या. मी मनात म्हणते, काय सोंग करते बया! मग ती तळ्याकडं पळाली आणि बुटांसकट पाण्यात उतरली.

खेळात कुणी बुटांसकट पाण्यात उतरत नसतं. आणि इकडं शालीखाली पोरगी खुदुखुदु हसतेय. कशीबशी शाल फेकली. पोरगी सुसाट पळाली आणि काठाशी वाकून पाणी चाचपणाऱ्या आईच्या पाठीत तिनं हाणलं, "दप्पा!"

आई तिला छातीशी धरून अशी रडली की सगळी बाग गोळा झाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. कुणीतरी फोन लावला, पोलीस आले. मला नेलं तर नेऊ दे, पण पोराची नोकरी, त्याचा व्हिसा, सगळं माझ्यापायी जाणार. लई भ्याले मी. उभ्या जन्मात एवढी भ्याले नव्हते.

पोरगा कामावरून धावत आला. त्यानं समजावल्यावर पोलिसांना पटलं. पण त्या आईनं त्याच्याकरवी मला एकच विचारलं, "मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"खेळात सांगत नसतात," मी म्हटलं.

पोरानं ते तिला सांगितलं. पोरीचा हात धरून ती निघून गेली. त्यानंतर पोरगी पुन्हा बागेत दिसली नाय.

परवा इथं मुकुंदवाडीत गल्लीतली पोरं लपाछपी खेळत होती. शेजारची चिमुरडी माझ्या पदराआड लपली. राज्य घेतलेलं पोरगं अजून लांबच होतं, तोवर मीच ओरडले, "इथं हाय! इथं हाय!"

"आजी फितूर!" पोरगी रडकुंडीला आली. मी घाईघाईनं तिची आई कुठंय ते बघितलं. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं मान वरसुद्धा केली नाय.