टाइपरायटरचं कव्हर

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या बागेत दर रविवारी सकाळी एक तरुण गृहस्थ मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करी. त्याची लेक सायकल धरून शेजारी उभी असे. "पाचच मिनिटं, पिल्लू," तो म्हणे.

"आजी, तुमचं ऑफिस कधी सुटायचं?" त्याने एकदा विचारलं.

"साडेपाचला. टाइपरायटरवर कव्हर घातलं, की साहेबही काम सांगत नसत. थांबवलंच, तर ओव्हरटाइम देत."

"आमचा रविवारही फुकटच जातो."

मुलांनो, निवृत्त होताना आणलेलं ते निळं कव्हर मी पुढच्या रविवारी त्याला दिलं. त्याने हसत ते लॅपटॉपवर घातलं आणि सायकलची सीट धरली. दोघं वळणापर्यंत गेली, तोच ऑफिसचा फोन वाजला. सीट सोडून तो ओशाळला.

"आजी, फोनवर काय घालायचात?"

"काही नाही रे. तो ऑफिसातच राहायचा."