माझ्याच केसमध्ये मी बोलले

देगलूरच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच ते चालवते. सासू, जिला मी अम्मा म्हणते, शेजारी बसून हुक लावते. ही जागा रिकामी करून द्या म्हणून घरमालकाचा पुतण्या माझ्या मागे लागला होता. मी ऐकत नाही म्हटल्यावर एका भर दुपारी तो लोखंडी गज घेऊन दुकानात शिरला. वार डोक्यावर होता. मी हात आडवा घातला, म्हणून डोकं वाचलं आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या दुकानदारांनी त्याला धरून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

हात प्लास्टरमध्ये असतानाच एका सकाळी तो दुकानासमोरच्या पानटपरीवर दिसला. मला वाटलं, भास झाला.

"भास न्हाई," अम्मा म्हणाली. "सुटला हाय त्यो."

त्याला जामीन झाला होता आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मग तो रोजच येऊ लागला. बोलायचा काही नाही. स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. त्याला पाहून गिऱ्हाईक बाया दारातूनच मागे फिरायच्या. शेवटी मी शटर खाली ओढलं आणि घरी बसले.

पोलिसांनी समज दिली, तरी तो यायचा थांबला नाही. अम्मालाच राहवेना. सेशन कोर्ट देगलूरला नाही, म्हणून ते जिथं आहे त्या गावी तिनं मला एसटीत बसवून नेलं. सरकारी वकिलांना गाठलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "ताई, ही केस सरकार विरुद्ध आरोपी अशी आहे. तुम्ही साक्षीदार. बोलावलं की या," म्हणाले आणि निघून गेले.

व्हरांड्यातून परत येताना मोफत कायदेशीर मदतीची पाटी दिसली. आत एक तरुण वकील बाई बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"राज्यघटनेनं जगण्याचा हक्क त्याला दिलाय, तसाच तुम्हालाही दिलाय," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं म्हणणं जामिनापासून ऐकून घ्यायला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. आपण जामीन रद्द करायचा अर्ज देऊ. पण बोलायचं तुम्ही."

"मी? जजसाहेबांसमोर?"

"मार तुम्ही खाल्ला, भीती तुम्हाला वाटते. मी काय सांगणार?"

तारखेच्या दिवशी मी उभी राहिले, तोच आरोपीचे वकील उठले. "साहेब, यांना इथं बोलायचा अधिकारच काय? बाजू मांडायला सरकारी वकील आहेत."

आमच्या वकील बाईंनी हातातले सुप्रीम कोर्टाचे निकाल पुढे केले. जजसाहेबांनी ते शांतपणे वाचले, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढं या बाई. सावकाश सांगा."

वाटेत पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मग जे आतून आलं तेच बोलले.

"साहेब, केस सरकारची हाय म्हणतेत. पण हात माझा मोडला, सरकारचा न्हाई. त्यो मोकळा फिरून राहिला अन् मी घरात कोंडून बसली. जेल त्याला व्हायची, ती मला झाली."

"पान खायला जाणं हा गुन्हा आहे का?" आरोपीचे वकील म्हणाले.

"साहेब, त्याच्या घराखालीच पानटपरी हाय," मी म्हणाले. "ती सोडून त्यो रोज माझ्या दारातच येतोय."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. जामीन रद्द. कारण देताना त्यांनी माझं म्हणणं आदेशात घेतलं होतं. पोलिसांनी तिथूनच त्याला नेलं. दारातून जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली नाही. वकील बाईंनी माझा चांगला हात घट्ट दाबला.

पुढे खटला चालला, त्याला शिक्षाही झाली. पण तो दिवस मला इतका लख्ख आठवत नाही, जितका हा आठवतो.

परतीच्या एसटीत अम्मा गप्प बसेल तर शपथ! कंडक्टर तिकीट फाडायला आला, तर त्यालाच धरलं तिनं. "माझी बहू आज जजसाहेबासंगं बोलली. अन् साहेबानं ऐकलं!"

"काय बोलल्या हो?" पुढच्या सीटवरची एक बाई वळून म्हणाली.

अम्मानं पहिल्यापासून सुरुवात केली. माझी वाक्यं माझ्यापेक्षा जोरात, हातवारे करून, वर दोन-चार स्वतःची घालून. मागच्या बाया सरकत सरकत जवळ आल्या. मी खिडकीशी बसून पोट धरून हसत होते. देगलूरचा स्टँड आला तरी अम्माची गोष्ट संपली नव्हती आणि उतरायची घाई कुणालाच नव्हती.