न पेटलेली शेगडी

त्या सकाळी आम्ही नवरा-बायकोनं गोबरगॅससाठी शेण कालवलं. ती हातानं गुठळ्या फोडत होती, मी पाणी ओतत होतो. खड्ड्यावरची लोखंडी टाकी गॅसनं वर उचलली होती. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. शेगडी पेटलेली त्यांनी डोळ्यानं बघितली, तरच सरकार अनुदान देणार होतं.

"पयली काडी मी ओढणार," ती म्हणाली. "तुमी बसा मिशीला पीळ देत." चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम गळायचे.

दुपारी ती छातीला हात लावून खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. सांजेला तिला जाळून आलो.

सकाळी साहेब आले. "बाबा, लय वाईट झालं. पण शेगडी पेटवून दाखवा. आज राहिलं तर अनुदान गेलं."

"माणूस गेल्यावर आमच्या घरात विस्तव पेटवत न्हाईत, साहेब."

"एक काडी तर ओढायची."

"ती तिची होती. जावा तुमी."

ते गेले. मग मी एकटाच शेण कालवायला बसलो. पाणी ओतायला उठलो की गुठळ्या फोडणारे हात थांबायचे. गुठळ्या काही नीट फुटल्या नाहीत.